समुद्राकडे तोंड करून

सहल म्हटली की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न येतो, "कशासाठी?" लग्नाला जाणे समजते, मयतीला जाणे समजते, दवाखान्याला जाणे समजते. दसऱ्याला नागपूर आणि सहा डिसेंबरला दादर म्हटले तर कुणी विचारतच नाही, उलट शेजारी भाकरी बांधून देतात. पण काही काम नाही, कुणाचे बोलावणे नाही, नुसते पाहायला आणि चार दिवस मोकळे राहायला घराबाहेर पडायचे म्हटले की माणसे आपल्याकडे संशयाने पाहू लागतात. गेले वर्षभर हा प्रश्न आम्ही ऐकत आहोत. कारण आम्ही रेणापूरहून दोन मोटारसायकली घेऊन कोकणच्या किनाऱ्यावर जायचे ठरवले आहे. येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचे आहे. सहा दिवस आणि पाच मुक्काम.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता, धाकटा भाऊ आणि भावजय. आमच्यापैकी एकजण लातूरच्या औद्योगिक वसाहतीत तेलाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे रोजावर आहे, दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. धाकट्याचे दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे आणि भावजय शिवणकाम करते. घरी आई आहे आणि आठवीत शिकणारी मुलगी आहे. गाड्या दोन्ही साध्याच, शंभर आणि सव्वाशे सीसीच्या, रोज कामावर नेण्याच्या. असल्या घराने समुद्र पाहायला जायचे हे पुष्कळांना पटत नाही.

विहारातले एक वडीलधारे गृहस्थ आम्हाला म्हणाले, "बाबांनो, आपल्या लोकांना ही थेरं परवडायची नाहीत. त्या पैशात पोरीचा क्लास लावा." त्यांचा राग येत नाही. त्यांच्या पिढीने प्रवास केला तो पोटासाठी किंवा चळवळीसाठी. कुणी कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, कुणी मुंबईला गिरणीत गेले, कुणी १९७९ च्या लाँग मार्चमध्ये नामांतरासाठी चालले. मौजेसाठी घर सोडणे त्यांना माहीतच नव्हते. तरीसुद्धा त्यांच्या बोलण्यातला एक शब्द आम्हाला टोचला. तो म्हणजे "आपल्या लोकांना". विश्रांती घेणे, मोकळेपणाने हिंडणे हे दुसऱ्यांचे आणि राबणे तेवढे आपले, अशी वाटणी कुणी केली?

मुलीने एकदा मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. फ्रान्स देशात नॉर्मंडी आणि ब्रिटनी असे समुद्रकाठचे प्रांत आहेत. तिथे नवरा-बायको मोटारसायकलवर तंबू बांधून आठवडाभर किनाऱ्याने हिंडतात. आम्हाला वाटले, पैसेवाल्यांचे खेळ आहेत. मग त्या देशाची माहिती वाचली तेव्हा कळले की तिथल्या कामगारालाही हे फुकट मिळालेले नाही. १९३६ च्या मे-जून महिन्यांत तिथे प्रचंड संप झाले. लिऑन ब्लूम यांच्या सरकारने त्याच जूनमध्ये कायदा करून कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळाली. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबे आगगाडीने आणि दोघांनी मिळून चालवायच्या सायकलींवर किनाऱ्याला गेली. त्यांतल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. किनाऱ्यावरच्या श्रीमंत मंडळींनी त्यांना पाहून नाके मुरडली. पण कामगार वाळूत बसले ते बसलेच.

आणि आपल्याकडे? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी बारमाही कारखान्यांत आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षण दिले, मताचा अधिकार दिला, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. कामगाराच्या विश्रांतीसाठीही ते झटले, हे मात्र सांगायचे राहून जाते. अर्थात कायदा असला तरी ठेक्यावरच्या माणसाच्या हातात तो पडतोच असे नाही. आम्ही सहा दिवस सुट्टी मागितली तेव्हा ठेकेदाराने सांगितले, "जा की, पण रोज मिळणार नाही." म्हणून आमच्या सहलीच्या हिशेबात बुडालेला रोज हाही एक खर्च धरावा लागला आहे.

हिशेबच सांगतो, म्हणजे ज्यांना जायचे आहे त्यांना उपयोग होईल. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही घरांनी रोज प्रत्येकी वीस रुपये एका डब्यात टाकायला सुरुवात केली. एकही दिवस चुकला नसता तर एकोणतीस हजारांच्या वर जमले असते. आजारपणात काही दिवस चुकले, तरी सत्तावीस हजार जमले. त्याची वाटणी अशी केली. दोन्ही गाड्यांची दुरुस्ती आणि सुटे भाग दोन हजार. पेट्रोल पाच हजार. मुक्काम आठ हजार. खाणेपिणे सहा हजार. एस.टी.चे भाडे दोन हजार. बाकीचे चार हजार अडीअडचणीला, त्यांना हात लावायचा नाही. पेट्रोलचा आकडा असा काढला : जाऊन येऊन सुमारे बाराशे किलोमीटर, दोन माणसे आणि सामान धरून लिटरला पन्नास, म्हणजे एका गाडीला चोवीस लिटर. कर्ज एक रुपयाचे नाही. मुलीचा क्लास आणि जयंतीची वर्गणी यांतले काही कापलेले नाही.

या हिशेबात एस.टी. कुठून आली? ती आईसाठी. सुरुवातीच्या बेतात आई नव्हतीच. तिची गुडघेदुखी, साडेतीनशे किलोमीटर मागच्या सीटवर बसणे तिला झेपणारे नाही. शिवाय आम्हाला वाटायचे, आईने समुद्र पाहिलेला आहे. वडील होते तोवर ती दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायची आणि चैत्यभूमी तर दादरच्या चौपाटीलाच लागून आहे. एकदा जेवताना मुलीने विचारले, "आजी, समुद्र कसा असतो गं?" आई म्हणाली, "बगितलाय की समिंदर म्या. पर तवा रांगेत हुते. तोंड बाबाकडं अन् पाठ समिंदराकडं. आवाज तेवढा ऐकलाय."

आमच्या मराठवाड्यातल्या किती मायबहिणींची हीच गोष्ट असेल! रात्रभर रेल्वेत उभ्याने जायचे, रांगेत सात-आठ तास घालवायचे, दर्शन झाले की पुस्तकाच्या दुकानावरून फोटो आणि कॅलेंडर घेऊन परतीची गाडी गाठायची. समुद्र शेजारी असतो, पण त्याच्याकडे वळून बघायला सवड नसते आणि त्या दिवशी मनही नसते. आईच्या त्या बोलण्याने आमचा बेत बदलला. २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. आई आणि मुलगी एस.टी.ने येणार. पहिल्या दिवशी लातूरहून पुणे, तिथे येरवड्याला आत्याच्या घरी सगळ्यांचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी त्या स्वारगेटहून महाडच्या गाडीत बसणार आणि आम्ही घाटाने महाड गाठणार.

आता वाट सांगतो. रेणापूर, लातूर, मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण आणि पुणे असा पहिला दिवस. हा पल्ला सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा. घाटापेक्षाही धोक्याचा, कारण फेब्रुवारीत साखर कारखान्यांचा हंगाम असतो. उसाने लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात आणि पुष्कळांच्या मागे दिवा नसतो की चमकणारी पट्टी नसते. अंधारात अशा ट्रॉलीवर आदळून आपल्या भागातली किती तरुण पोरे गेली आहेत. म्हणून आमचा पहिला नियम असा : उजाडल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही आणि दिवस मावळला की जिथे असू तिथे थांबायचे. दर दीड तासाने दहा मिनिटे उतरायचे. गाड्या दोन असल्या तरी चालवणारे तीन आहेत. भावजयीने गिअरची मोटारसायकल शिकून परवाना काढला आहे. बार्शी ते टेंभुर्णी ती चालवणार. गल्लीत यावरही कुजबुज झाली, पण तिच्या सासूने, म्हणजे आमच्या आईनेच, सगळ्यांना गप्प केले.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि तिथून महाड. पावसाळ्यात या घाटात धुके आणि दरडी असतात, म्हणून हिवाळा निवडला. धाकट्याने सांगून ठेवले आहे, टाकी घाटाच्या आधीच भरायची. उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करायची नाही, खालच्या गिअरमध्येच उतरवायची, नुसता ब्रेक दाबत राहिले तर तो तापून धरेनासा होतो. मागच्या चाकात दोघांच्या वजनाइतकी हवा हवी. सोबत क्लचची तार, प्लग, एक-एक ट्यूब, पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप. गाडीची आणि विम्याची कागदे, प्रदूषणाचा दाखला आणि परवाना. हेल्मेट चारही जणांना, मागे बसणाऱ्यालाही, कारण कायदाही तसाच आहे आणि डोके मागच्यालाही एकच असते.

महाडला मुक्काम करायचा हे कुणी वेगळे सांगायची गरज पडली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच्या काठी संध्याकाळी बसायचे. तळे सर्वांना खुले असल्याचा न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला पुढे १९३७ साल उजाडले. आम्ही पाण्याची किंमत जाणणाऱ्या मुलखातले आहोत. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा आमची रेणाही कोरडी पडली होती. घागरभर पाण्यासाठी रात्र जागवलेल्या माणसांना महाडच्या काठावर काय वाटेल, हे तिथे गेल्यावरच कळेल. महाडवरून वाहणारी सावित्री नदी पुढे बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते, आणि तिसऱ्या दिवशी आम्हीही त्याच दिशेने निघणार.

तिसरा दिवस महाड ते दापोली. वाटेत मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. आई आणि मुलगी सरळ एस.टी.ने दापोलीला जातील, म्हणून आम्ही आधी आंबडव्याला नमन करून मग त्यांना गाठू आणि संध्याकाळी सगळे मिळून दापोलीजवळच्या वणंदला जाऊ. वणंद हे रमाईचे माहेर. इथे आमच्यात थोडा वाद झाला. धाकटा म्हणाला, "दादा, रोज एक स्मारक असलं तर ही सहल कशी? आपण परत रांगेतच उभे राहणार." आईला त्याचे बोलणे आवडले नाही.

आम्ही रमाईचे चरित्र काढून पुन्हा वाचले. तिचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावर वाहून बाजारात नेत असत. म्हणजे या किनाऱ्यावर आपली माणसे पूर्वीपासूनच आहेत. दापोलीला लष्करातल्या निवृत्त माणसांची वस्ती होती आणि रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले. समुद्र आपल्याला परका नव्हता. पण आपल्या वाट्याला आले ते समुद्राचे ओझे, त्याचा वारा नव्हे. रमाईच्या वडिलांना डोक्यावरची टोपली उतरवून घटकाभर त्या पाण्याकडे पाहत बसायला सवड मिळाली असेल का? आम्ही जाऊन बसणार आहोत ते त्यांच्या वाटचेही बसणे आहे. हे आईला पटले. मग ठरले की चौथा दिवस पूर्ण मोकळा. त्या दिवशी स्मारक नाही, पाहुणे नाहीत, खरेदी नाही. नुसता समुद्र.

तो दिवस मुरूडच्या किनाऱ्यावर. (आमच्या वाटेवर लातूरचे मुरूड आहे, हे दापोलीचे मुरूड, आणि जंजिऱ्याचे मुरूड आणखी निराळे. मोबाईलवर वाट शोधताना तालुका बघूनच पुढे जावे.) संध्याकाळी जवळच्या हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. गाड्या वाळूत घालायच्या नाहीत. चाक रुतते आणि खारे पाणी साखळीला लागले की ती गंजते, म्हणून परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन तेल द्यायचे. आम्हाला कुणालाच पोहता येत नाही. गुडघ्यापुढे पाण्यात जायचे नाही आणि भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारूनच पाण्याजवळ जायचे. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी अधिक चढते.

राहायच्या जागेची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका किनाऱ्याच्या गावात घरगुती खोल्या मिळतात असे कळले म्हणून फोन केला. किती माणसे, किती दिवस, सगळे बोलणे झाले. मग पलीकडून प्रश्न आला, "आडनाव काय म्हणालात?" आम्ही सांगितले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग "घरात विचारून कळवतो" असे उत्तर आले. कळवले नाही. दोन दिवसांनी पुन्हा फोन केला तेव्हा खोल्या भरलेल्या होत्या. भरल्या असतीलही. पण आपल्या कानाला तो थोडा वेळ ओळखता येतो, पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे.

त्या रात्री घरात कुणी फारसे बोलले नाही. मुलगी म्हणाली, "पुढच्या वेळी आडनाव दुसरंच सांगू या ना." आम्ही तिला जवळ घेऊन सांगितले, की तळ्याचे पाणी प्यायला गेलेल्यांनी नावे बदलली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी फोन केला. या वेळी आम्हीच सुरुवातीला पूर्ण नाव, आडनाव आणि गाव सांगितले. पलीकडे एक कोळीण बाई होत्या. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. "मासे खाता ना? म्हातारं माणूस आहे तर खालची खोली देऊ का? मोटारसायकलवर येताय तर अंधार व्हायच्या आत पोचाल ना?" खोली ठरली. आईने तेव्हापासून त्या बाईंसाठी आमच्याकडची तुरीची डाळ बांधून ठेवली आहे.

पाचव्या दिवशी आई आणि मुलगी दापोलीहून एस.टी.ने पुण्याकडे परततील. आम्ही दाभोळला जाऊन फेरीबोटीत गाड्या चढवू आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरू. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभे राहायचे असते. पुढे गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड. कराडला मुक्काम, आणि सहाव्या दिवशी पंढरपूर-बार्शी करत रेणापूर. सातव्या दिवशी सकाळी कारखान्याची पाळी आहेच.

वाचक बंधुभगिनींनो, आम्ही काही मोठा पराक्रम करायला निघालेलो नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात मोटारसायकल आहे. ती रोज आपल्याला कामावर नेते. वर्षातून चार दिवस तिने आपल्याला आपल्या मनाप्रमाणे न्यावे एवढीच ही गोष्ट आहे. समुद्र जमत नसेल तर वेरूळला जा, पितळखोऱ्याला जा, जवळच्या धरणावर एक दिवस काढा. डब्यात रोज दहा रुपये टाका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, कारण त्यांनी काय काय पाठमोरे पाहिले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आणि कुणी "कशासाठी?" विचारले तर सांगा, विसाव्याचा हक्क आमचाही आहे, तो वापरायला निघालो आहोत.

आईने तिच्यापुरती एकच अट घातली आहे. मुरूडच्या किनाऱ्यावर तिला खुर्ची द्यायची, खुर्चीचे तोंड पाण्याकडे करायचे आणि ती स्वतः उठेपर्यंत कुणी तिला "चल" म्हणायचे नाही. आम्ही सगळ्यांनी ती मान्य केली आहे.

जय भीम.